बाबा, सही करू नका!

तुमच्या ऑफिसात एक 'काका' असतीलच. नाव काहीही असो, पद काहीही असो, ते काकाच. मेल दोनदा वाचून मग पाठवणारे, डब्यात घडीची पोळी आणणारे, प्रिंटआउट हातात आल्याशिवाय ज्यांना आकडा दिसतच नाही असे. आपण त्यांना कधीमधी एक्सेलचा शॉर्टकट दाखवतो. ते 'अरे वा!' म्हणतात आणि पुढच्या वेळी पुन्हा माउसनंच करतात. कॅन्टीनमध्ये त्यांच्यावर दोन-चार जोक होतात. मग एका शुक्रवारी एचआर त्यांना आत बोलावतं. सोमवारी खुर्ची रिकामी. आपण 'बिच्चारे!' म्हणतो आणि कॉफी मशीनकडे वळतो.

माझ्या घरी असेच एक काका आहेत. मी त्यांना बाबा म्हणते.

बाबा वर्धा जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब बघतात. मार्च २०२५मध्ये त्यांना तिथं २२ वर्षं झाली, वय ५५. कंपनीचं नाव सांगत नाही. एक तर बाबा अजून तिथंच आहेत आणि दुसरं म्हणजे हे असं कुठल्याही कंपनीत होऊ शकतं.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. शेतकरी गाडी भरून आणतो तो कापूस. मशीनमधून निघते ती रुई, उरते ती सरकी. रुई दाबून बांधली की झाली गाठ, साधारण १७० किलोची. धंदा हंगामी. दसरा-दिवाळीला सुरू होतो आणि होळीपर्यंत जोरात चालतो. या दिवसांत बाबा सकाळी ८ला जातात आणि रात्री ११ला येतात, केसांत कापसाचे तंतू घेऊन. कार्डावर 'अकाउंटंट' असलं तरी काट्यावरच्या हमालापासून गावातल्या शेतकऱ्यापर्यंत सगळे त्यांना दिवाणजीच म्हणतात. आईला भाजीवाली 'दिवाणजीच्या घरची' म्हणून ओळखते. आमच्या गावात नोकरी म्हणजे पगार आणि शिवाय ओळखही.

माझं वेगळं आहे. मी २८ वर्षांची. नागपुरात मास कॉम केलं, पुण्यात राहून फ्रीलान्स पत्रकारिता करते. पर्मनंट नोकरी ही चीज मी फक्त ऐकून आहे. एखादा कॉलम बंद झाला की दोन दिवस डोक्याला शॉट, तिसऱ्या दिवशी दुसरीकडे नवी आयडिया घेऊन हजर. त्यामुळे 'नोकरी जाईल' या वाक्याची मला फारशी भीती वाटत नाही. तेच वाक्य बाबांच्या तोंडून फोनवर ऐकलं तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

साहेब आले

२०२४च्या दिवाळीत मालकांनी नागपूरहून नवा मॅनेजर आणला. वय ३१, एमबीए. आपण त्याला 'साहेब' म्हणू, कारण बाबाही तेच म्हणतात. पहिल्या दिवशी तो बाबांना 'अंकल' म्हणाला. पंधरा दिवसांत नुसत्या आडनावानं हाक मारायला लागला.

साहेब ओरडत नसे. ओरडणारे मालक बाबांनी आयुष्यभर पचवले होते, त्याचं त्यांना काही वाटलं नसतं. साहेबाची पद्धत थंड होती. नव्या सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग झालं, त्याला दोन नवी पोरं गेली, बाबांचं नाव यादीत नव्हतं. मग आठवड्यानं सगळ्यांसमोर विचारणा, 'तुमच्या एन्ट्र्या लेट का?' व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप निघाला, त्यात बाबा नाहीत. एक दिवस ते ऑफिसात गेले तर त्यांचं टेबल काट्याशेजारच्या खोलीत हलवलेलं. आणि मधूनमधून एक गोड वाक्य, 'तुमच्या वयात कठीणच आहे म्हणा.'

डिसेंबरात अचानक बढतीचं पत्र आलं: 'असिस्टंट मॅनेजर, अकाउंट्स'. पगार तोच. आईनं वर्ध्याहून गोरस पाक आणून शेजारी वाटला. बाबांनी पत्र दोनदा वाचून फाइलला लावलं आणि म्हणाले, "पगार वाढला नाही, मग वाढलं काय?" त्या पत्राचा अर्थ आम्हाला तीन महिन्यांनी कळला. त्यावर पुढे येतेच.

जानेवारी २०२५मध्ये खरा भडका उडाला. साहेबाच्या स्क्रीनवर माल कमी दिसत होता. जेवढा कापूस विकत घेतला, त्याच्या वजनाइतकी रुई आणि सरकी मिळून भरत नव्हती. साहेबानं ग्रेडर, काटेवाला आणि दोन हमाल यांच्यासमोर बाबांना विचारलं, "माल गेला कुठं?" बावीस वर्षांत बाबांच्या इमानदारीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

उत्तर साधं होतं. माल हवेत गेला होता! नोव्हेंबरचा कापूस ओला असतो. कॉटन कॉर्पोरेशनच्या सरकारी खरेदीतसुद्धा ८ टक्के ओलावा प्रमाण धरतात आणि त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेतात. त्यापेक्षा ओला असेल तर परत पाठवतात. खासगी जिनिंगला हंगामाच्या सुरुवातीला माल हवाच असतो, त्यामुळे ओला कापूसही घ्यावा लागतो. गंजीत पडून वाळला की वजन उतरतं. वर कचरा-पत्ती निघते ती वेगळीच. याला घट म्हणतात. कापसाच्या धंद्यातल्या पोरासोरालाही हे माहीत असतं, पण सॉफ्टवेअरमध्ये घटीचा रकाना नव्हता.

बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मागच्या १० हंगामांची घटीची रजिस्टरं हातगाडीवर घालून आणली आणि साहेबाच्या टेबलावर ठेवली. प्रत्येक महिन्याची ओल, प्रत्येक महिन्याची घट, बाबांच्या टपोऱ्या अक्षरात. साहेबानं अर्धा तास बघितलं आणि म्हणाला, "ठीक आहे. याचा मेल करा." बस्स. ना सॉरी, ना काही.

रात्री बाबा फोनवर म्हणाले, "त्याला समजलं बेटा. पण समजलं हे त्याला आवडलं नाही."

गांधीगिरीचं बिल

आता आम्ही पडलो वर्ध्याचे. सेवाग्राम आमच्या जिल्ह्यात, त्यामुळे गांधीगिरीवर पहिला हक्क आमचाच! २००६ साली 'लगे रहो मुन्नाभाई' आला तेव्हा मी शाळेत होते. पेन्शनसाठी ऑफिसात खेटे घालून वैतागलेला तो म्हातारा सगळ्यांसमोर एकेक कपडा उतरवून टेबलावर ठेवतो, तो सीन बघून थिएटरात शिट्ट्या पडल्या होत्या. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही साहेबाला रोज एक गुलाब द्या. गेट वेल सून!"

बाबा म्हणाले, "देतो न. पण फुलांचं बिल कोणत्या खात्यात टाकू?"

हसून झाल्यावर आम्ही खरं काम सुरू केलं. दर रविवारी व्हिडिओ कॉल. मी पुण्यातून स्क्रीन शेअर करायची, बाबा तिकडून वहीत लिहून घ्यायचे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये घुसायला त्यांना पाच रविवार लागले. त्यांना हिशेब शिकवायची कोणाची टाप नव्हती, फक्त बटणं कुठं आहेत ते कळायला हवं होतं. सहाव्या रविवारी त्यांनी मलाच विचारलं, "हा पिव्होट टेबल आधी काऊन नाही सांगितला?"

साहेबासाठी आम्ही तीन नियम केले. हा फंडा तुमच्याही कामाचा आहे.

पहिला: तोंडी हुकूम आला की त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल करायचा. 'आज तुम्ही सांगितल्याप्रमाणे अमुक काम मी उद्यापासून अशा रीतीनं करतो आहे.' तक्रार नाही, टोमणा नाही. साहेबाला हे सुरुवातीला चांगलंच झोंबलं. पण महिन्याभरात त्याचं 'मी असं म्हटलंच नव्हतं' बंद झालं.

दुसरा: डायरी. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, समोर कोण होतं. 'साहेब वाईट आहे' असं लिहायचं नाही. '१४ जानेवारी, सकाळी ११, काट्यावर' असं लिहायचं. बाबांना हे शिकवावं लागलं नाही, रोजमेळ लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलंय.

तिसरा: चारचौघांत उत्तर द्यायचं नाही, नंतर केबिनमध्ये जाऊन द्यायचं. आणि द्यायचंच. गप्प बसलेला माणूस गुन्हेगार दिसतो, असं आईचं मत. तिनं शाळेत ३० वर्षं मुलं सांभाळली आहेत, तिला कळतं.

एका ओळीची किंमत

मार्चमध्ये हंगाम उतरला आणि साहेबानं बाबांना आत बोलावलं. एसी, पाणी, बसा वगैरे. म्हणाला, तुम्हाला झेपत नाहीये, सन्मानानं मोकळे व्हा. एका ओळीचा राजीनामा लिहून द्या, दोन महिन्यांचा पगार देतो. मजकूर टाइप करून तयार होता. फक्त सही.

बाबांनी बाहेर येऊन मला फोन केला. मागे प्रेसचा आवाज येत होता. म्हणाले, "इज्जत राहते म्हणून राहिला तो. करून टाकू का सही?"

"बाबा, सही करू नका! दोन दिवस मागून घ्या."

त्या संध्याकाळी मी नागपुरातल्या ओळखीच्या एका वकीलबाईंना फोन केला, त्या कामगारांच्या केसेस चालवतात. त्यांचा पहिला प्रश्न ऐकून मी चक्रावले. "वडिलांच्या हाताखाली किती माणसं? ते कोणाची सुट्टी मंजूर करतात का?" मी म्हटलं, हाताखाली कुत्रंसुद्धा नाही. "मग ठीक," बाई म्हणाल्या. आणि ते बढतीचं पत्र उलगडलं.

कायद्यानं 'कामगार' म्हणजे फक्त मशीन चालवणारा नव्हे. कारकुनी काम करणाराही कामगारच. पण मॅनेजर, किंवा एका मर्यादेपेक्षा जास्त पगाराचा सुपरवायझर यात बसत नाही. म्हणून कधीकधी माणसाला भारी नाव देऊन टाकतात, म्हणजे उद्या भांडायला गेला तर 'हा तर मॅनेजर!' असं म्हणता येतं. अर्थात कोर्ट पाटीवरचं नाव बघत नाही, प्रत्यक्षातलं काम बघतं. बाबा दिवसभर एन्ट्र्या करतात, त्यामुळे कार्डावर काहीही छापलं तरी ते कामगारच. साहेबाच्या मनात नेमकं काय होतं ते मला ठाऊक नाही. पण आईनं वाटलेला गोरस पाक आठवून मला कसंतरीच झालं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कामगाराला काढायचं असेल तर कायद्यात त्याची किंमत आहे. सलग १ वर्ष नोकरी झालेली असली की १ महिन्याची नोटीस, नाहीतर तेवढा पगार. त्यावर नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई. शिवाय, त्याच प्रकारच्या कामात जो शेवटी आला त्याला सहसा आधी काढायचं, असाही नियम आहे. म्हणजे कागदावर जुना माणूस सर्वात पक्का. आणि म्हणूनच जुन्या माणसाला काढत नाहीत, त्याच्याकडून लिहून घेतात. त्यानं स्वतः राजीनामा दिला की भरपाईचा प्रश्नच उरत नाही.

मी हे सगळं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, थांब, वही आणतो.

बावीस वर्षं या माणसानं दुसऱ्याचा ताळेबंद शेवटच्या पैशापर्यंत जुळवला. स्वतःचा ताळेबंद त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा मांडला. डाव्या बाजूला 'राजीनामा दिला तर', उजव्या बाजूला 'काढलं तर'.

ग्रॅच्युइटी दोन्हीकडे सारखीच, ती ५ वर्षांनंतर हक्काची असते. सूत्र सोपं आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. बाबांचे हे दोन मिळून १९,५०० रुपये. २६नं भागले की ७५०. १५ दिवसांचे ११,२५०. २२ वर्षांचे २ लाख ४७ हजार ५००. पीएफही दोन्हीकडे सारखाच.

फरक पुढे होता. डावीकडे दोन महिन्यांचा पगार: २८ हजारांप्रमाणे ५६ हजार. उजवीकडे नोटिशीचे २८ हजार आणि भरपाई. १५ दिवसांचा पगार म्हणजे ढोबळ मानानं १४ हजार, गुणिले २२, म्हणजे ३ लाख ८ हजार. एकूण ३ लाख ३६ हजार. त्यातून ५६ हजार वजा.

बाबांनी खाली दोन रेघा मारल्या. २ लाख ८० हजार.

"एका ओळीचे एवढे?" ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. इतके दिवस त्यांना रात्री झोप लागत नव्हती, 'काय होईल' या विचारानं. त्या रात्री मात्र ते शांत झोपले, असं आईनं सांगितलं. परिस्थिती काडीची बदलली नव्हती. पण साडेतीन महिने ज्या बागुलबुवाला ते घाबरत होते, त्याची बेरीज झाली होती.

मला या सगळ्या प्रकरणातून उमजलं ते एवढंच. वाईट बॉसची जी भीती वाटते, तिच्यातली मोठी भीती न मांडलेल्या हिशेबाची असते. कशानंही काहीही होईल असं वाटत असतं, म्हणून त्याचा आवाज मोठा वाटतो. नोकरी गेली तर नेमकं काय जाईल, काय हातात राहील आणि घर किती महिने चालेल, हे एकदा कागदावर उतरलं की समोरच्या खुर्चीत उरतो तो फक्त एक त्रासदायक माणूस. आणि त्रासदायक माणसं सांभाळायची आपल्याला सवय असते, नातेवाईक कशाला आहेत!

तिसऱ्या दिवशी बाबांनी मेल केला आणि तोच मजकूर रजिस्टर पोस्टानंही पाठवला. 'मी राजीनामा देऊ इच्छित नाही. कंपनीला माझ्या सेवेची गरज नसल्यास तसे लेखी कळवावे.' ही ओळसुद्धा एकच होती.

भोंगा आणि केबिन

आमच्या जिल्ह्याला नोकऱ्या जाणं नवं नाही. हिंगणघाटची आरबीबीए मिल १९७४ साली कायदा करून सरकारनं ताब्यात घेतली, नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनकडे दिली, आणि पुढे तिचा भोंगा थांबला. पुलगावची कापड गिरणीही बंद झाली. गिरण्या बंद पडल्या तेव्हा काय झालं हे मी गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलंय. हाल झाले, पोरांची शिक्षणं सुटली, माणसं भाजीच्या गाडीवर आली. पण एक होतं. गेट बंद झालं ते सगळ्यांसाठी एकदम. गेटसमोर सभा भरायची, युनियनचा कोणीतरी भाषण करायचा, चहा फिरायचा. 'तुझं काय झालं?' असं विचारायलाच नको, सगळ्यांचं तेच झालेलं असायचं.

आजचं काढणं एकेकट्याचं असतं. एसी केबिन, बंद दार, टाइप केलेली एक ओळ. आणि बाहेर आलेला माणूस कोणाला सांगत नाही, कारण त्याला वाटतं ही आपलीच नापासी. बाबांनीही आईला पहिले दोन महिने काही सांगितलं नव्हतं.

हे फक्त खेड्यापाड्यातलं आहे असं समजू नका. जुलै २०२५मध्ये टीसीएसनं जवळपास १२ हजार लोक, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या सुमारे २ टक्के, कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली माणसं असतील, असंही सांगितलं. हिंजवडीच्या टपरीवर तेव्हा आठवडाभर दुसरा विषय नव्हता. चाळिशी गाठलेले, होम लोनवाले, टीम लीड झालेले लोक एकमेकांचा अनुभव किती वर्षांचा ते हळू आवाजात विचारत होते. अमेरिकेत १९६७ सालापासून चाळिशीपुढच्या कर्मचाऱ्याला वयावरून डावलण्याविरुद्ध वेगळा कायदा आहे. आपल्याकडे खासगी नोकरीसाठी असा कायदा नाही. 'तुमच्या वयात कठीणच आहे म्हणा' हे वाक्य इथं बिनधास्त म्हणता येतं.

बाबांचं प्रकरण झालं ते १९४७चा औद्योगिक विवाद कायदा चालू असताना. २१ नोव्हेंबर २०२५ला केंद्र सरकारनं चार नव्या कामगार संहिता लागू केल्या आणि त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनं घेतली. नोटीस आणि १५ दिवसांच्या भरपाईचं सूत्र तिच्यातही आहे. वर काढलेल्या कामगाराला नवं काही शिकता यावं म्हणून आणखी १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम देण्याची तरतूद आली आहे. ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना आता १ वर्षानंतरच ग्रॅच्युइटी मिळू शकते, हे आपल्या पिढीनं आवर्जून लक्षात ठेवावं. दुसऱ्या हातानं काढूनही घेतलंय. कामगार कपातीसाठी सरकारची आधी परवानगी घेण्याची अट पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला होती, ती आता ३०० कामगारांच्या पुढे लागते.

दुसऱ्या खुर्चीतून

साहेब माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठा. म्हणजे माझ्या मित्रमैत्रिणींच्या वयाचा. त्यांच्यातलेही कितीतरी जण आता मॅनेजर झालेत. मी एका मैत्रिणीला विचारलं, तिच्या टीममध्ये ५२ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. ती म्हणाली, "खरं सांगू? मला त्यांच्याशी बोलायचंच टेन्शन येतं. चूक दाखवायची तर ते वडिलांसारखे दिसतात. मग मी बोलतच नाही, काम काढून दुसऱ्याला देते." तिला वाटत होतं ती त्यांना सांभाळून घेतेय. पलीकडच्या खुर्चीत बसून बघा, ग्रुपमधून वगळणं आणि टेबल हलवणं हे असंच दिसतं.

साहेबाची बाजूही बाबांनीच मला सांगितली. एकदा रात्री ९ वाजता केबिनच्या दारातून त्यांना ऐकू आलं, मालक फोनवर त्याला फाडून खात होते. तोही वर्षाच्या करारावर आहे. बाबा म्हणाले, "त्याची पण दर मार्चला पेशी असते. त्याला आधी मी नको असतो, मालकाला नंतर तो." बाबांनी त्याला माफ वगैरे केलेलं नाही. पण घटीचा रकाना सॉफ्टवेअरमध्ये कसा टाकून घ्यायचा, हे त्यांनी पुढच्या हंगामाआधी त्याला लिहून दिलं. का दिलं विचारलं तर म्हणाले, "हिशेब चुकून राहिला होता न."

तुम्ही जर कोणा काकांचे बॉस असाल, तर एक करा. ट्रेनिंगच्या यादीत त्यांचं नाव घाला. आणि चूक असेल तर त्यांना एकटं बसवून, नीट, तोंडावर सांगा. बावीस वर्षं टिकलेला माणूस खऱ्या शब्दानं मोडत नाही.

घरी विचारा

मग पुढे काय झालं? काही नाही. त्या पत्राला उत्तर आलंच नाही. एप्रिलचा पगार आला, मेचाही आला. टेबल अजून काट्याशेजारीच आहे. बाबा म्हणतात, तिथं बरं, शेतकरी दोन शब्द बोलून जातात. साहेब अजून आडनावानंच हाक मारतो. नोकरी पक्की झाली असं मुळीच नाही. उद्या खरंच नोटीस आली तर बाबांना जावं लागेल, पण हक्काचे पैसे घेऊन जातील. जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार खात्याचं ऑफिस असतं, तिथं अर्ज कसा द्यायचा हेही त्यांनी विचारून ठेवलंय. पीएफमधली पेन्शन ५८व्या वर्षी पूर्ण मिळते, पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण जितकी वर्षं आधी तितके ४-४ टक्के कायमचे कमी. त्यामुळे घाईत तिला हात लावायचा नाही, हेही वहीत लिहिलंय.

आता एक होमवर्क. या वीकेंडला घरी फोन कराल तेव्हा 'जेवलात का' विचारून झाल्यावर बाबांना, आईला, काकांना चार गोष्टी विचारा. नोकरीला लागल्याची तारीख कोणत्या कागदावर आहे? मूळ पगार किती? पीएफला नॉमिनी कोणाचं नाव आहे? आणि कोणी कशावर सही मागतंय का? ते आधी 'तुला काय करायचंय' म्हणतील. माझे बाबाही म्हणाले होते. पण चौथ्या प्रश्नावर जरा थांबा, घाईनं फोन ठेवू नका.

बाबा आता दर महिन्याच्या १ तारखेला त्या वहीत एक आकडा लिहितात. पगार उद्या बंद झाला तर, ग्रॅच्युइटी न धरता, घर किती महिने चालेल. मार्च २०२५मध्ये तो ११ होता. मागच्या महिन्यात फोनवर त्यांनी मला नवा आकडा वाचून दाखवला: १४.